आधी कोणाची जखम बांधायची?

रिठदहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. एरवी या वेळेला आम्ही हप्ते, व्याज, बँकेचं खातं, नाहीतर सोयाबीनवरच्या अळीबद्दल बोलतो. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काय मधेच? विषय लढाईचा आहे. लढाई चालू आहे, एक डॉक्टर आहे, आणि त्याच्यासमोर शत्रूचा जखमी शिपाई आणून टाकला आहे. डॉक्टरने त्याच्यावर उपचार करायचे की नाही?

आमच्या बैठकीत हे निघालं तेव्हा हप्त्यांचा हिशेब तासभर बाजूला राहिला. आमच्या गटात दोन बायांची पोरं फौजेत आहेत. त्यातली एक फटकन म्हणाली, "काऊन वं बाई? ज्यानं माह्या पोरावर गोळी झाडली, त्याले आपलाच डॉक्टर पट्टी बांधीन?" तिचं म्हणणं कोणाला खोडता आलं नाही. दुसरी जरा थांबून म्हणाली, "अन् माहा पोरगा जखमी होऊन त्याइच्या हाती लागला तं?" मग बराच वेळ कोणी बोललं नाही. आम्ही ठरवलं की यावर आधी वाचू, विचारू, आणि मग बोलू. जे हाती आलं ते आज सांगतो.

सुरुवात सोलापूरच्या माणसापासून करू. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईला शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते शिकले. १९३७ साली जपानने चीनवर मोठा हल्ला केला. चीनकडे जखमी खूप आणि डॉक्टर थोडे. चीनच्या सेनापतीने पंडित नेहरूंकडे मदत मागितली. त्या वेळी आपलाच देश पारतंत्र्यात होता, तरी काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. पाचांमध्ये पुढारी होते अलाहाबादचे डॉ. अटल, दोघे कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, एक सोलापूरचे कोटणीस, आणि एक आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर. कोटणिसांचं नाव सिनेमामुळे घरोघरी गेलं. व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला होता. पण आपल्या विदर्भातला एक डॉक्टर त्याच बोटीने गेला होता, हे आम्हाला स्वतःला या निमित्तानेच कळलं. म्हणून मुद्दाम सांगितलं.

सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून ही मंडळी निघाली. पुढे बाकीचे चौघे टप्प्याटप्प्याने परत आले. कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, तिथल्या पोरांना त्यांच्याच भाषेत वैद्यकी शिकवू लागले. १९४० मध्ये एका मोठ्या लढाईत सलग बहात्तर तास, म्हणजे तीन दिवस तीन रात्री, न झोपता त्यांनी शस्त्रक्रिया केल्या असं नोंदलेलं आहे. १९४१ च्या सुरुवातीला त्यांना बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या लष्करी दवाखान्याचं प्रमुख केलं. क्वो छिंगलान नावाच्या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं इन्हुआ. चिनी भाषेत इन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. पोर चार महिन्यांचं होत नाही तोच ९ डिसेंबर १९४२ ला मिरगीच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस.

आता हे बेथून कोण? कॅनडाचे शल्यविशारद, डॉ. नॉर्मन बेथून. तेही चीनच्या फौजेबरोबर डोंगरात राहून जखमींवर शस्त्रक्रिया करायचे. शस्त्रक्रिया करताना बोटाला कापलं, त्यातून विष अंगात भिनलं आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले. या बेथूनने मरायच्या आधी जखमांवर एक छोटा लेख लिहिला होता. एका रात्रीचं वर्णन आहे. एकामागून एक चिनी जखमी येतायत, आणि त्यातच काही जखमी जपानी कैदी आणले जातात. ज्या जपानी फौजेने गावंच्या गावं जाळली, तिचेच शिपाई. बेथून म्हणतात, यांचेही रक्ताने भिजलेले कपडे कापा, रक्त थांबवा, आणि यांना बाकीच्यांच्या शेजारीच झोपवा. वेगळ्या खोलीत नाही, बाहेर अंगणात नाही. शेजारी.

त्या शेजारी झोपवण्यावर आमच्या बैठकीत फार बोलणं झालं. एक आजी म्हणाल्या, औषध देणं सोपं हाय माय, खाट देणं कठीण. आजींना कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. एका गावात राहून पाणी वेगळं, ताट वेगळं ठेवलेलं त्यांनी बघितलेलं आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायची. कोटणीस आणि बेथून दोघेही एका बाजूचे होते. चीनवर अन्याय झाला आहे असं त्यांचं ठाम मत होतं, म्हणूनच ते घरदार सोडून गेले. डॉक्टरने शत्रूला तपासायचं म्हणजे डॉक्टरला देश नाही, मत नाही, राग नाही, असा अर्थ कोणी काढू नये. राग असतोच. खाटेवरच्या माणसाची नाडी बघताना तो राग हातात उतरू द्यायचा नाही, एवढंच मागणं आहे. आणि हे एवढंच फार अवघड आहे.

ते न पाळलं तर काय होतं, हेही त्याच लढाईत, त्याच चीनमध्ये दिसलं. उत्तरेला हार्बिन शहराजवळ जपानी फौजेचा एक तळ होता. त्या तुकडीला ७३१ नंबर होता. प्रमुख शिरो इशी, स्वतः डॉक्टर. तिथे पकडलेल्या माणसांना मुद्दाम प्लेगसारखे रोग टोचले. थंडीत त्यांचे हातपाय गोठवून बघितले. जिवंत माणसं चिरली. मेलेल्यांत बहुतेक चिनी होते, बायाही होत्या. हे करणारे सगळे शिकलेले, पदवी घेतलेले. त्यांनी त्या माणसांना रोगी मानलंच नाही, शत्रू मानलं, आणि शत्रू म्हटल्यावर पुढे सगळं चालतं असं त्यांना वाटलं. युद्ध संपल्यावर अमेरिकेने त्यांच्याकडची माहिती घेतली आणि इशीसारख्यांवर खटला भरला नाही. रशियाने १९४९ मध्ये काही जणांना शिक्षा दिली. जर्मनीतही कैद्यांवर असलेच प्रयोग झाले, पण तिथल्या डॉक्टरांवर न्यूरेंबर्गला खटला चालला आणि काही जणांना फाशी झाली. आमच्यातल्या एकीने विचारलं, मग इशीला का सोडलं? याचं गोड उत्तर आमच्याकडे नाही. त्याच्याकडची माहिती जिंकलेल्यांना हवी होती, म्हणून सोडलं. तेवढंच खरं आहे.

कोटणीस आणि इशी एकाच काळातले, एकाच देशाच्या मातीवर काम करणारे दोन डॉक्टर. हे आम्ही ज्या बैठकीत सांगितलं तिथे तो पहिला प्रश्न, "त्याले आपला डॉक्टर पट्टी बांधीन?" हा जरा वेगळा ऐकू येऊ लागला.

आता नियम कुठून आला ते सांगतो, कारण त्यात डॉक्टर कमी आणि बायाच जास्त आहेत. २४ जून १८५९. इटलीत सोल्फेरिनो नावाच्या गावाजवळ मोठी लढाई झाली. एका बाजूला फ्रान्स आणि इटलीतलं एक राज्य, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रिया. एका दिवसात मेलेले आणि जखमी मिळून सुमारे चाळीस हजार. जवळच्या कास्तिल्योने नावाच्या छोट्या गावात जखमींच्या गाड्याच्या गाड्या येऊ लागल्या. देवळं भरली, घरं भरली, रस्त्यावर माणसं झोपवली. डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. गावातल्या बाया पाणी घेऊन, फडकी फाडून बाहेर पडल्या. त्यांच्यासमोर फ्रेंच होता तसा ऑस्ट्रियाचा शिपाईही होता, म्हणजे शत्रूच. बायांनी दोघांना पाणी पाजलं. त्यांचं म्हणणं एवढंच की सगळे भाऊच आहेत.

हेन्री ड्युनां नावाचा एक स्विस व्यापारी आपल्या धंद्याच्या कामासाठी तिथे आला होता. त्याने हे बघितलं, स्वतःही हात लावला. पकडलेल्या ऑस्ट्रियन डॉक्टरांना सोडून कामाला लावा, असं त्याने फ्रेंचांना पटवलं. तीन वर्षांनी त्याने त्यावर पुस्तक लिहिलं, त्यातून १८६३ मध्ये रेडक्रॉस उभी राहिली आणि १८६४ मध्ये जिनिव्हाला देशांनी पहिला करार केला: जखमी शिपाई कोणत्याही बाजूचा असो, त्याला उचलायचं आणि त्याच्यावर उपचार करायचे. ड्युनांला १९०१ साली शांततेचा पहिला नोबेल पुरस्कार दुसऱ्या एकाबरोबर विभागून मिळाला. कास्तिल्योनेच्या बायांना काही मिळालं नाही. आम्हाला याचं नवल वाटलं नाही.

आज जो नियम चालतो तो १२ ऑगस्ट १९४९ च्या जिनिव्हा करारांचा. आपल्या देशाने ते मान्य केले आहेत आणि १९६० साली त्यासाठी आपल्या संसदेने कायदाही केला आहे. त्यातलं सगळं सांगत बसत नाही. आपल्या कामाचं तेवढं सांगतो. एक म्हणजे, आधी कोणाला बघायचं हे फक्त जखमेवरून ठरतं. ज्याचा जीव आधी जाऊ शकतो तो आधी. आपल्या शिपायाच्या पायाला खरचटलंय आणि शत्रूच्या शिपायाच्या पोटातून रक्त जातंय, तर शत्रूचा शिपाई आधी. मोठा अधिकारी आधी आणि साधा शिपाई नंतर, असंही नाही. बदल्यात डॉक्टरलाही संरक्षण आहे. त्याच्या दवाखान्यावर, गाडीवर लाल क्रॉसची खूण असते, तिच्यावर गोळी चालवायची नाही. मात्र त्या दवाखान्यात बंदुका लपवल्या, तिथून हल्ला केला, तर ते संरक्षण जाऊ शकतं. डॉक्टरला स्वतःच्या आणि रोग्यांच्या बचावापुरतं हत्यार ठेवता येतं, लढायला नाही.

आणि याच करारात एक कलम आहे जे आम्ही बैठकीत दोनदा वाचलं. जखमी माणसाची सेवा केली म्हणून कोणालाही त्रास द्यायचा नाही, शिक्षा करायची नाही. इथे डॉक्टर म्हटलेलं नाही, कोणालाही म्हटलंय. गावातल्या बाईने शत्रूच्या जखमी शिपायाला आपल्या ओसरीवर घेतलं, पाणी दिलं, तरी तिच्यावर फितुरीचा ठपका ठेवता येत नाही. आम्हाला वाटतं, कास्तिल्योनेच्या बायांची आठवण ठेवूनच कोणीतरी ते लिहिलं असावं. हा आमचा अंदाज.

हे सगळं परदेशातून आलंय असं कोणाला वाटेल, तर तसं नाही. गटातल्याच एकीने सुषेण वैद्याची आठवण काढली. वाल्मीकींच्या रामायणात सुषेण हा वानरांपैकीच आहे, पण कीर्तनात आपण ऐकतो ती कथा वेगळी. लक्ष्मणाला शक्ती लागली, तेव्हा हनुमान लंकेतल्या सुषेण वैद्याला त्याच्या घरासकट उचलून आणतो. तो रावणाच्या राज्यातला वैद्य, आणि समोर रावणाचा शत्रू निपचित पडलेला. आमच्याकडे येणारे महाराज इथे छान थांबतात, आणि वैद्याच्या मनातली घालमेल सांगतात. मग तो औषधी सांगतो. त्यामुळे रावणाचं नुकसान होणार हे त्याला कळत होतं की नाही? कळतच असणार.

दुसरी गोष्ट नांदेडच्या वाटेवरची. आपल्यापैकी बऱ्याच जणी वाशिमहून हिंगोली, पूर्णा करत रेल्वेने नांदेडला जातात, गुरुद्वाराही बघतात. गुरू गोविंदसिंहांचे अखेरचे दिवस १७०८ साली तिथे गेले. त्याच्या काही वर्षं आधी पंजाबात आनंदपूरला लढाई चालली होती. भाई कन्हैया नावाचा त्यांचा एक शीख पाण्याची पखाल घेऊन रणात फिरायचा आणि शत्रूच्या जखमींनाही पाणी पाजायचा. लोकांनी गुरूंकडे तक्रार केली की आपण ज्यांना पाडतो त्यांना हा उठवतो. गुरूंनी बोलावून विचारलं. तो म्हणाला, मला तर सगळ्यांत तुम्हीच दिसता. शीख परंपरा सांगते की गुरूंनी त्याला शिक्षा दिली नाही. उलट मलमाची डबी दिली, की पाण्याबरोबर हेही लावत जा.

पण तक्रार करणारे लोक वेडे नव्हते. त्यांची तक्रार आमच्या बैठकीतल्या पहिल्या बाईचीच होती. आपण पाडायचं आणि यांनी उठवायचं, बरा होऊन तो पुन्हा आपल्यावरच आला तर? या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. आजच्या नियमाप्रमाणे पकडलेला जखमी शत्रू बरा झाला तरी तो कैदीच असतो. हिंडता-फिरता झाला म्हणून त्याला बंदूक देऊन परत पाठवत नाहीत. सहसा लढाई संपेपर्यंत तो बंदोबस्तातच राहतो. त्याला आत ठेवायचं की सोडायचं हे सरकारचं काम, फौजेचं काम. डॉक्टरने मलम लावताना ते ठरवायचं नाही. तरीही धोका अगदी शून्य होतो असं आम्ही म्हणणार नाही.

आता सांगतो ती गोष्ट तुम्हाला आवडेल, कारण इथे आपला माणूस शत्रूच्या डॉक्टरच्या हाती आहे. डिसेंबर १९७१. बांगलादेशची लढाई. मेजर इयान कार्डोझो, मुंबईत जन्मलेले, गोरखा पलटणीतले अधिकारी. गोरखा शिपायांना ते आडनाव जड जायचं म्हणून ते त्यांना कारतूस साब म्हणायचे. सिल्हेटकडे त्यांचा पाय सुरुंगावर पडला आणि चिंधड्या झाल्या. जवळ वेदना मारायचं औषध नाही, डॉक्टरकडे कापायचं साधन नाही. त्यांनी स्वतःच्या खुकरीने स्वतःचा लोंबता पाय तोडला. ऐकतानाच अंगावर काटा येतो. पण पुढचं ऐका. शस्त्रक्रिया करायला जवळ एकच शल्यविशारद होता, मेजर मोहम्मद बशीर. पाकिस्तानी फौजेचा, आणि आपल्या कैदेत असलेला. कार्डोझो नाही म्हणाले. पाकिस्तान्याने मला हात लावायचा नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. हेलिकॉप्टर मिळेना, जखम सडायची भीती. वरच्या अधिकाऱ्याने समजावलं तेव्हा ते तयार झाले. बशीरने शस्त्रक्रिया केली आणि चांगली केली. पुढे कार्डोझो लाकडी पाय लावून पुन्हा कामावर आले, पलटणीचे प्रमुख झाले, मेजर जनरल होऊन निवृत्त झाले. त्या डॉक्टरचे आभार मानायचे राहून गेले, ही खंत त्यांनी स्वतः मुलाखतींत बोलून दाखवली आहे.

बघा, इथे नको म्हणणारा रोगी होता. डॉक्टरने मात्र कापताना हात ढिला सोडला नाही. बशीरचा देश हरला होता. तो स्वतः कैदी होता. समोर बेशुद्ध पडलेला माणूस त्याच्या देशाविरुद्ध लढून आलेला. कसर काढायचीच असती, तर कोणाला कळलंही नसतं.

फौजेतल्या मुलांच्या आयांपैकी ज्या बाईने आधी "काऊन" म्हटलं होतं, ती ही गोष्ट ऐकून म्हणाली, "त्या बशीरच्या मायनं बी काही शिकवलं असन त्याले." आम्ही यावर काही जोडत नाही.

मैत्रिणींनो, आता लढाईतून गावात येतो. सीमेवर जाऊन कोणाला पट्टी बांधायची वेळ आपल्यावर येणार नाही. पण शत्रू काय फक्त सीमेपलीकडे असतात? धुऱ्यावरून भावकीत बोलणं बंद असलेली घरं प्रत्येक गावात आहेत. ग्रामपंचायतीची निवडणूक झाली की पाच वर्षं एकमेकींच्या दारात हळदी-कुंकवाला न जाणाऱ्या बाया आहेत. जातीचं तर बोलायलाच नको.

आम्हाला माहीत असलेल्या एका गावात, गावाचं नाव घेत नाही, पोळ्याच्या सणाला दोन घरांत काठ्या निघाल्या. दोन्हीकडची पोरं एकाच वेळी दवाखान्यात आली. सिस्टर एकटी होती, डॉक्टर यायचे होते. सिस्टर ज्या घरच्यांच्या नात्यातली, त्या घरच्या पोराचा हात मोडलेला, तो मोठ्याने ओरडत होता. दुसऱ्या घरचा पोरगा गप्प पडून होता आणि कानातून रक्त येत होतं. सिस्टरने गप्प पडलेल्याला आधी हाती घेतलं, एकशे आठला फोन लावला, गाडी येईपर्यंत त्याच्याजवळून हलली नाही. हात मोडलेल्याला पाऊण तास थांबावं लागलं. तो आज धडधाकट आहे, हातही नीट जुळला. पण त्या सिस्टरला तिच्या नात्यातल्यांनी पुढच्या लग्नाचं आवतण दिलं नाही. घरचीला सोडून त्याइच्याकडं गेली, असं अजून बोलतात.

तिने काय केलं? जिनिव्हाच्या करारात लिहिलंय तेच केलं. तिने तो वाचलेलाही नसेल. ओरडणाऱ्यापेक्षा गप्प पडलेला जास्त धोक्यात असू शकतो, हे तिला शिकवलं होतं, आणि ते तिने नात्यासमोर टिकवलं. आपल्या देशातले डॉक्टर नोंदणीच्या वेळी जी प्रतिज्ञा करतात तिच्यातही हेच आहे, की रोग्याचा धर्म, देश, पक्ष, समाजातला मान यातलं काहीही माझ्या कर्तव्याच्या आड येऊ देणार नाही. प्रतिज्ञा करणं एका सकाळचं काम. ती पाळायची वेळ पोळ्याच्या संध्याकाळी येते, आणि नंतर आवतण येत नाही.

म्हणून आम्हाला एक गोष्ट सगळ्या गटांना सांगावीशी वाटते. सिस्टर, आशाताई, डॉक्टर यांनी विरोधी घरच्या माणसाला आधी बघितलं, तर त्यांच्यामागे उभं राहायचं काम बायांच्या गटाचं आहे. त्या एकट्या पडतात. दवाखान्याच्या दारात "आमचं पोर आधी घ्या" म्हणून गर्दी करणारे आपलेच नवरे-दीर असतात. आपल्या घरातला माणूस दारात आवाज चढवत असेल, तर त्याला हाताला धरून बाहेर नेणं हे सिस्टरला जमणार नाही, आपल्याला जमेल. शत्रूच्या शिपायाला पट्टी बांधणारा डॉक्टर पाहिजे असं आपण म्हणतो, तर त्या डॉक्टरचे हात मोकळे राहतील एवढी जागा आपण करून द्यावी लागते.

उलटं झालेलंही आम्ही बघितलं आहे. एका ठिकाणी दवाखान्यात आलेल्या बाईला तिचा नवरा कोणत्या पार्टीचा ते विचारून मग बसवलं गेलं. तिथे तिच्याबरोबर गटाच्या चार बाया होत्या म्हणून बरं झालं. त्यांनी भांडण केलं नाही. केसपेपर काढला, वेळ विचारून त्यावर लिहून घेतली, आणि जवळच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने आत बोलावलं.

आमच्या गटाने या बैठकींनंतर ठरवलं ते असं. पेरणीच्या दिवसात साप चावतो, विहिरीवर मोटारीचा शॉक लागतो, रात्री कळा सुरू होतात. अशा वेळी गटाच्या पेटीतून गाडीभाड्याला पैसे द्यायचे. ज्या घराशी गटातल्या कोणाचं बोलणं बंद आहे त्या घरालाही द्यायचे, आणि ती बाई गटाची सभासद नसली तरी द्यायचे. हे सगळ्यांना लगेच पटलं असं नाही. एकीने विचारलं, माह्या जेठानीले बी? हो, जेठानीलाही. ती दोन दिवस रागात होती, मग सही केली. पैसे परत मिळतील की नाही याची चिंता आम्हालाही आहे, हे लपवत नाही. सध्या रक्कम छोटी ठेवली आहे, एका वेळेला पाचशे रुपये, आणि पेटी ज्यांच्याकडे असते त्या दोघी वेगवेगळ्या गल्लीतल्या निवडल्या आहेत, म्हणजे एका बाजूच्या घराला दुसऱ्या बाजूच्या दारात जावं लागणार नाही.

साप चावल्यावर काय करायचं हे पुढच्या कार्यक्रमात सांगू. तोवर एवढं लक्षात ठेवा, की चावलेल्या जागेच्या वर दोरी करकचून बांधायची नाही, जखम कापायची किंवा चोखायची नाही, माणसाला चालवायचं नाही, आणि एकशे आठला फोन करायला कोणाच्या परवानगीची वाट बघायची नाही. ज्या गटांना पाचशे रुपयांचा ठराव कसा लिहायचा ते पाहिजे असेल, त्यांनी आपली ठरावाची वही घेऊन रिठदला यावं. आम्ही बसून लिहून देऊ.